घुबडाने कापलेली वीतभर फिल्म

माझ्या मेहुण्याचा फोटो स्टुडिओ होता. त्याच्या डार्करूममध्ये एकोणतीस वर्षं एकच माणूस काम करत होता. मेहुणा त्याला घुबड म्हणे, म्हणून सगळेच म्हणत. अंधारात बसतो आणि उजेडात आला की डोळे मिचकावतो, एवढंच कारण. ऑफिस सुटल्यावर मी तासभर तिथे बसत असे. त्यामुळे पुढची हकिगत बहुतेक डोळ्यांदेखतची आहे.

डार्करूममध्ये फळीवर दोन डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायची औषधं, असत. एक कडक. तीच बाटली पुन्हापुन्हा वापरायची, आठ मिनिटांत रोल तयार, पण फोटोला वाळूसारखा कण येई. दुसरा सौम्य. दर वेळी ताजा मिसळायचा आणि एकदा वापरून ओतून द्यायचा. वेळ दुप्पट, पण पांढऱ्या सदऱ्याची शिवण आणि काळ्या केसांतली बट दोन्ही दिसत. मेहुण्याला कडक पुरे वाटे.

“सगळ्यांना एकच औषध?” घुबड म्हणे. “तुम्ही डॉक्टर झाला नाहीत ते बरं.”

“गिऱ्हाईक चेहरा बघतं रे, कण नाही.”

घुबड मात्र चेहरा बघतच नसे. ओली निगेटिव्ह दिव्यासमोर धरायची आणि काळेपणा किती चढलाय तेवढं पाहायचं. स्वतःच्या मुलीच्या लग्नाचा रोल पाहून तो “सावल्या छान उघडल्यात” एवढंच बोलला. बायकोने दोन दिवस अबोला धरला.

एका संध्याकाळी एक बाई जुना रोल घेऊन आली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. लग्नाचे फोटो पुरात गेले होते आणि नंतर कॅमेरा कायम त्याच्याच हातात, त्यामुळे त्याचा एकही फोटो घरात नव्हता. माळा आवरताना कॅमेरा सापडला, आत हा रोल.

“सासूबाईंची दृष्टी चाललीय,” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यापर्यंत दिसेल, असं डॉक्टर म्हणतात. त्यांना एकदा मुलगा बघायचाय.”

“टाक कडकमध्ये आणि मोकळा हो,” मेहुणा म्हणाला.

घुबडाने मान हलवली. सहा वर्षं माळ्यावर तापलेल्या फिल्मवर आपोआप काळपट थर चढतो. कडक डेव्हलपर चित्राबरोबर तोही वाढवतो. त्याची रीत ठरलेली होती. अंधारात रोलच्या सुरुवातीचा वीतभर तुकडा कापायचा, तेवढाच धुवून बघायचा आणि मग बाकीच्याचं औषध ठरवायचं. सुरुवातीचे एकदोन फोटो लोक फिल्म पुढे सरकवायला भिंतीचे नाहीतर पायांचे काढतात, ते गेले तरी कोणी विचारत नाही. तुकडा कडकमध्ये टाकला तो तव्यासारखा काळा निघाला. आपलंच खरं ठरलं म्हणून घुबड खूश झाला. बाकीचा रोल त्याने सौम्य डेव्हलपरमध्ये, थंड पाण्यात फिल्मची टाकी ठेवून, मिनिटाला एकदाच हलवत, अर्धा तास धुतला.

इतकं सुरेख काम मी पाहिलं नव्हतं. पस्तीस फोटो. विहीर, शेळ्या, दारातली बाई, सायकल. दुसऱ्या दिवशी सासूला बाहेरच्या बाकावर बसवून बाई आत आली. सगळे फोटो तिने दोनदा पाहिले.

“यात ते नाहीत.”

“काढणारे तेच ना?” मेहुणा म्हणाला.

“एक मी काढला होता. रोल भरल्या भरल्या. बटण कुठलं दाबायचं ते शिकवत होते मला. अगदी पहिला.”

घुबडाने डार्करूमच्या दाराकडे पाहिलं. मेहुण्याला कळायला वेळ लागला नाही. तो उठला, डार्करूमच्या बादलीतून तो काळा तुकडा शोधून आणला आणि तिच्यासमोर धरला.

“घ्या. आमच्या कलाकाराने कापून बघितला. मी सांगत होतो, अख्खा टाक. काळा तर काळा, चेहरा तरी आला असता. बघा दाजी, एकोणतीस वर्षं पोसलंय मी याला!” तो माझ्याकडे वळून म्हणाला.

घुबडाने तुकडा घेतला. काळंपांढरं ठळक उठवणाऱ्या सगळ्यात कडक कागदावर, तीन वेळा प्रिंट काढली. कात्री नेमकी फोटोच्या मधून गेली होती. एक कान, कॉलर आणि गालाचा काठ आला. उरलेला अर्धा चेहरा बाकीच्या रोलच्या टोकाला असायला हवा होता, पण कापताना तिथे त्याच्या ओल्या बोटाचा डाग पडला होता.

बाईने प्रिंट हातात घेतली नाही. “सासूबाईंना तुम्हीच सांगा,” ती म्हणाली.

तो बाहेर गेला. म्हातारीने प्रिंट डोळ्यांना लावली, मग उलटी करून पाहिली.

“बाकीचा कुठाय?”

“मी कापला, आजी. बाकीचे चांगले यावेत म्हणून.”

“आले का चांगले?”

“हो.”

“शेळ्या दिसतात?”

“दिसतात.”

“मग त्याच बघत बस,” म्हातारी म्हणाली आणि सुनेचा हात धरून उठली.

त्यानंतर घुबडाने कुणाचीही फिल्म कापली नाही. वर्षभराने एका मास्तरांचा तसाच जुना रोल आला. घुबडाने अंदाजाने वेळ धरली. पूर्ण रोल काळा निघाला, छत्तीसच्या छत्तीस.

“वीतभर कापून बघायला काय झालं होतं रे तुला?” मेहुणा सगळ्यांसमोर ओरडला, आणि त्याच संध्याकाळी त्याने डार्करूमची किल्ली मागून घेतली.