झांजेआडचा चेहरा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. मी कुंभकोणमची. घरात आमची तंजावरी मराठी, बाहेर तमिळ. ही तुमच्याकडची मराठी मासिकं वाचून शिकले, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

निवृत्तीनंतर मी फोनवर फोटो एडिटिंग शिकत होते. क्रॉप, उजेड, ब्लर... एवढंच. भजनी मंडळाचं फेसबुक पेज मी बघते ना! रविवारी जवळच्या मरुदानल्लूर गावच्या भजनात एक ग्रुप फोटो काढला. एकच. त्यात माझी भाची रुक्मिणी होती. मारझोड करणाऱ्या नवऱ्याला सोडून ती गुपचूप माझ्याकडे राहते, आणि तो तिला शोधतोय. तिचा चेहरा दिसता कामा नये.

दुपारी पडवीत मी चेहऱ्यावर ब्लरचा गोल बसवत होते. शेजारच्या चंद्राक्का डोकावल्या. आमच्या मंडळात झांज त्यांचीच.

"ब्लर म्हणजे काय गे?"

"चेहरा धूसर करायचा, अक्का. रुक्मिणी ओळखू येऊ नये म्हणून."

"झांकायचं म्हण की सरळ!"

सोमवारी सकाळी आठला फोटो पेजवर टाकला. दुपारी एकला मी बाजारात असताना घरून रुक्मिणीचा फोन.

"मावशी, त्याची कमेंट आलीय... 'सगळे दिसतात, झांजेमागं कोण लपलंय?'"

झांज? मी तर ब्लर केलं होतं! लगेच पेज उघडलं. ब्लर कुठेच नव्हता. शहाणीने मूळ फोटोच टाकला होता! पण रुक्मिणीच्या चेहऱ्यासमोर चंद्राक्कांचा उजवा हात उंच, आणि हातातली झांज बरोब्बर तिच्या तोंडावर. कानसुद्धा दिसत नव्हता.

आधी पोस्ट डिलीट केली. मग फोनमधला मूळ फोटो पाहिला. त्यात झांजा चंद्राक्कांच्या छातीशी, आणि शेजारी रुक्मिणी खळखळून हसतेय – अगदी स्पष्ट.

मी घाबरले, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त स्वतःचा राग आला. पोरीने विश्वासाने माझ्या घरी आसरा घेतला, आणि मी मूळ आणि ब्लर केलेल्या फोटोंत साधी गफलत केली.

संध्याकाळी चंद्राक्कांकडे गेले. त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, फेसबुक तर दूरच. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "बस गे. हात चोळत्ये. सक्काळपासून उजवा हात वर धरल्यासारखा भरून आला होता. किती केलं तरी खाली येईना."

"आणि आता?"

"दुपारी एकच्या सुमारास आपसूक उतरला बघ."

मी तेलाची बाटली घेतली आणि त्यांच्या हाताला तेल लावत बसले.

जाणकारांना विचारलं. कुणी म्हणालं दुसरा क्लिक असेल, कुणी म्हणालं तुमचा भास. पण रुक्मिणीने तेव्हाच काढलेला त्या पोस्टचा स्क्रीनशॉट तिच्याकडे अजून आहे, आणि ती अजून माझ्याकडेच आहे, सुखरूप. बाकी मला काही कळलेलं नाही. आता मात्र फोटो टाकण्याआधी दोनदा तपासते. पुन्हा चुकले, तर त्या म्हातारीने हात किती वेळ वर धरायचा?