लाइपझिगच्या बुवांचा शारजातला शिष्य

मुकुंद गेल्याचं शैलावहिनींनी फोनवर कळवलं, तेव्हा मी दुबईत अल क्वोजच्या गोदामात माल उतरवून घेत होतो. "तुमचे मित्र गेले हो," एवढंच त्या म्हणाल्या. झोपेतच गेला. पुढचे दोन दिवस कागदपत्रांत गेले, मग त्याला विमानानं पुण्याला नेलं... रडायला कोणाला सवड झालीच नाही. आता काही आठवडे उलटलेत. तो गेला तसा वहिनींचा व्हिसाही संपणार, म्हणून फ्लॅट आवरणं चाललंय.

मुकुंद शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये एका जर्मन कंपनीत इंजिनिअर होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी निवृत्त होऊन परत जाताना त्याच्या म्हाताऱ्या मॅनेजरनं त्याला एक कॅसेट दिली. जर्मनीतल्या लाइपझिग शहरातल्या, अठराव्या शतकातल्या एका संगीतकाराची. त्या माणसाचं नाव आमच्यापैकी कोणाच्याच जिभेवर बसेना, तेव्हा मुकुंद त्याला सरळ 'लाइपझिगचे बुवा' म्हणू लागला. शुक्रवारी चहाला बसलो की बुवांची गोष्ट सुरू. "अरे, तेव्हा तिकडे दरबारात ऑपेरा म्हणजे इटालियन. गाणारे इटालियन, भाषा इटालियन, आणि ऐकणारे जर्मन लोक नुसते माना डोलावतायत. बुवांनी काय केलं, नाटक कंपनीतले साधे नट घेतले. गळा तयार नाही, काही नाही. त्यांना झेपतील अशा सोप्या चाली दिल्या, मध्ये बोलायचे संवाद, आणि सगळं आपल्या भाषेत. लोक ती गाणी रस्त्यानं गात घरी गेले. म्हणजे आपलं संगीत नाटकच की रे."

"हबीबी, चहा निवतोय," मी म्हणायचो.

त्यातूनच त्यानं इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांचं नाटक बसवायला घेतलं. गोष्ट त्याची, शब्द त्याचे, चाली बुवांच्या वळणाच्या. आमची मुलं इथंच वाढलेली, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी. ती रंगमंचावर स्वतःच्या आवाजात मराठी गातील, एवढाच त्याचा हट्ट होता. तालमीला त्यांना तो आपल्या पांढऱ्या कोरोलात कोंबून आणायचा. अंकल म्हटलेलं चालायचं नाही, काका म्हणा. गाडीत त्यानं स्वतः पेटीवर गाऊन भरलेली कॅसेट लावायची, सगळ्यांनी सोबत गायचं, आणि मध्येच तो टेपचा आवाज पार बंद करायचा. मुलं गातच राहायची. थोड्या वेळानं आवाज परत वाढवायचा, बघायचं कोण कुठे पोचलंय. मुलं हटकून पुढे पळालेली असायची. मग तो म्हणायचा, "थांबा रे, मागच्यांना येऊ द्या."

माझी सई तेव्हा नऊ वर्षांची. 'उन्हं कलली, चल गं गाई, घर आता जवळ आलं' हे तिचं गाणं. तिला 'ळ' यायचा नाही, सूरही मधूनच सुटायचा. मी मंडळाचा सेक्रेटरी. पहिल्या रांगेत पाहुणे बसणार, त्यात माझे साहेब... मला लाज वाटली. आज स्पष्ट लिहितो, पोरीची लाज वाटली. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला गेलो तेव्हा गाणं शिकलेल्या मुलींकडून सगळी गाणी स्टुडिओत रेकॉर्ड करून आणली. मुकुंदला सांगितलं, टेप सरावाला बरी. प्रयोगाच्या दिवशी साऊंडवाल्याला म्हटलं, ही टेप लाव, मुलांचे माईक बंद ठेव.

प्रयोग छान झाला. मुलं तोंड हलवत होती, हॉल टाळ्या वाजवत होता. विंगेत पेटीवर बसलेल्या मुकुंदनं पहिल्या कडव्यानंतर हात उचलून मांडीवर ठेवले.

पार्किंगमध्ये त्यानं विचारलं, "टेपचं डोकं कोणाचं?"

"कमिटीचं," मी म्हणालो. "मी सांगून पाहिलं त्यांना."

"तू तरी बोललास," तो म्हणाला.

त्यानं मंडळ सोडलं. पुन्हा कधी नाटक बसवलं नाही, बुवांचं नावही काढलं नाही. माझ्याकडे मात्र दर शुक्रवारी चहाला येत राहिला, आधीसारखाच. खरं सांगायला मला कितीतरी शुक्रवार मिळाले. तो आला की मी क्रिकेटचं काढायचो.

गेल्या आठवड्यात वहिनींनी कोरोलाची किल्ली दिली. "तुम्हीच बघा गिऱ्हाईक." सई सोबत होती, आता कॉलेजला जाईल. गाडी सुरू केली तर टेपही सुरू झाला. पेटी, आणि मुकुंदचा आवाज. म्हणजे ती कॅसेट त्यानं काढलीच नव्हती. सिग्नलला थांबलो तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. "बट बाबा, व्हाय? आय न्यू द साँग. मला सगळं येत होतं."

"तुझा ळ..." मी म्हणालो.

सिग्नल सुटला. थोडं पुढे गेल्यावर सईनं हात पुढे करून टेपचा आवाज बंद केला आणि गाऊ लागली. 'घर आता जवल आलं.' ळ अजून नाहीच. सूर थोडा इकडेतिकडे. मी पहिल्यांदाच नीट ऐकत होतो. मग तिनं आवाज परत वाढवला. ती पुढे निघून गेली होती, मुकुंद अजून उन्हं कलण्यापाशीच होता. सई थांबली. मागून तो आला, तेव्हा पुन्हा गाऊ लागली.