बुजवलेल्या विहिरीचा पाईप

भुताखेतांचे किस्से सुरू झाले की चहाच्या निमित्तानं उठून जाणारा मी माणूस. माझं पंप आणि मोटारींचं दुकान आहे. पाणी कुठून येतं आणि कुठं जातं यापलीकडे मला कधी काही गूढ वाटलं नाही. तेव्हा हे का लिहितोय ते मलाही नीट सांगता येणार नाही... घडलं तसं सांगतो.

नागपूर, मानेवाडा रोडच्या आतली गल्ली. घर बाबांनी बांधलेलं, खाली तळघराची मोठी खोली. तिथं माझी बायको मंदा ब्लाऊज शिवते. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, रस्ता वर आला आणि घर खाली गेलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात तळघराच्या भिंती पाझरायच्या. मशीनला गंज, गिऱ्हाइकांच्या कापडावर बुरशीचे ठिपके. एका नवरीचा ब्लाऊज खराब झाला तेव्हा मंदा म्हणाली, "तुम्ही काही करता, का मी मशीन विकून टाकू?"

ठेकेदारांवर माझा विश्वास भुतांहून कमी आहे. म्हणून उन्हाळ्यात, भिंती कोरड्या असताना, वॉटरप्रूफिंग स्वतःच करायला घेतलं. पोकळ प्लास्टर झोडून काढलं, भेगा छिन्नीनं रुंद करून भरल्या, सिमेंटमध्ये केमिकल कालवून ब्रशनं दोन कोट दिले, एक आडवा, एक उभा. खरं सांगतो, मजा आली.

शेवटी राहिला कोपऱ्यातल्या मांडणीखालचा एक लोखंडी पाईप. जमिनीतून वीतभर वर आलेला, तोंड उघडं. जुनं ड्रेनेज असेल असं समजून, गळती बंद करायची ती झटपट आवळणारी पावडर कालवली आणि तोंडात गच्च कोंबली. दुपारची वेळ होती. कोणाला सांगायचं कारणच नव्हतं.

हात धुवत होतो, तेवढ्यात वरून मंदाची हाक आली, "अहो, लवकर या. आईले दम लागून राहिला."

माझी आई पलंगावर बसून चवळीच्या शेंगा तोडत होती. दम्याचा तिला कधी त्रास नाही. पण आता ओठ निळे, आणि हवा नुसती घशापर्यंत जाऊन परत येत होती. हॉस्पिटलमध्ये नेलं. ऑक्सिजन लावला. ईसीजी चांगला, एक्स-रे स्वच्छ. तरी श्वास काही सुधारेना. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, "दुपारपर्यंत असंच राहिलं तर व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. या वयात... तुम्ही तयारी ठेवा." मी घाबरलो.

आत गेलो तर आईनं मास्क बाजूला केला. "बाबू... खालचा पाईप उघडा हाय ना?"

"कोणता पाईप?"

"विहिरीचा. तुह्या बाबानं ठेवला. बुजवली तरी... तिले दम घेऊ द्या लागते."

प्लॉटवर शेताची जुनी विहीर होती, ती बुजवून घर बांधलं, एवढं मला ठाऊक होतं. नेमकी कुठं, ते नव्हतं. विहीर बुजवताना आपल्याकडे पाईप ठेवतात हेही ऐकलेलं, आणि त्यावर हसलेलोही. पण गुडघ्यांमुळे आई कित्येक वर्षांत तळघरात उतरलेली नाही. मग तिनं नेमकं आजच हे का विचारलं?

मंदाला तिथं बसवून घरी आलो. पटलं होतं म्हणून नाही, दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून. केमिकल उत्तम होतं — फुटता फुटेना. शेवटी छिन्नी आरपार गेली. वारा नाही, आवाज नाही, काहीच झालं नाही. आई तिकडे मरणाच्या दारात आणि मी इथं पाईप फोडत बसलोय, याची लाज वाटली.

तेवढ्यात मंदाचा फोन. "आई मास्क काढून बसल्या. चहा मागून राहिल्या. डॉक्टर म्हणते, काहून झालं अन् काहून थांबलं, काही समजत नाही."

केमिकलचा वास म्हणावा, तर ते कोट आठवडाभर आधीचे. औषध लागू पडलं असेल, योगायोगही असेल. आईला विचारलं, तुला कसं कळलं? "मले तसं वाटलं गा," म्हणाली आणि विषय संपवला.

आता भिंती खणखणीत कोरड्या आहेत. पावसाळ्यात पाईपमधून थोडं पाणी वर येतं, मंदा मुकाट्यानं पुसून घेते. मशीन विकायचं नाव काढत नाही.

माझा एक मित्र कॉलेजात फिजिक्स शिकवतो. तो म्हणतो, "एकदा परत बंद करून बघ ना. लगेच खरं-खोटं कळेल." बरोबर आहे त्याचं. मोटार बिघडली तर मीही तसंच तपासतो, बंद करून, चालू करून. पण इथं ज्याच्यावर तपासायचं, ती माझी आई आहे. मी पाईप बंद करत नाही, आणि म्हणून मला कधी कळणारही नाही.