फ्लॉसचे सात वेढे

फ्लॉसनं झाड मरू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. दात कोरायचा साधा फ्लॉस, पांढरा, पुदिन्याच्या वासाचा. पाच वर्षं दर वटपौर्णिमेला मी तो आमच्या दारातल्या झाडाला गुंडाळत होते, आणि आपण फार हुशार आहोत असं मला वाटत होतं.

अमेरिकेत मॉरिसव्हिलला आम्ही टाउनहाउस घेतलं, त्या उन्हाळ्यात हे सुरू झालं. एकाला एक चिकटलेली बारा घरं, बाराही दारांना एकच रंग, कारण दुसरा लावायला एचओएची, म्हणजे घरमालकांच्या असोसिएशनची, परवानगी नाही. प्रत्येक दारासमोर बिल्डरनं लावलेलं एकेक पोरगेलं झाड. आमचं कसलं आहे हे मी कधी कुणाला विचारलं नाही. विमानतळ गाडीनं दहा मिनिटांवर, त्यामुळे विमानं डोक्यावरून इतकी खाली जायची की त्यांची चाकं दिसायची. नवरा ऑफिसला आणि मुलगी शाळेत गेली की मी खिडकीत चहा घेऊन ती चाकं बघत बसायची. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. मला नोकरी करायची मुभा नव्हती. नागपूरला मी सहा वर्षं कॉलेजात शिकवलं होतं, हे इथं कुणाला सांगायची वेळच येत नसे.

वटपौर्णिमा गावातल्या सगळ्यात जुन्या काकूंकडे असायची. काकू चाळीस वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणून आलेल्या, आता निवृत्त. त्यांच्या दिवाणखान्यात कुंडीतलं फायकसचं झाड वड म्हणून उभं, आणि भोवती आम्ही तीसेक बायका, पदर सांभाळत, एकमेकींच्या पायांवर पाय देत. माझा फेरा चालू असताना काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुझं अजून डिपेंडंट व्हिसावरच चाललंय का गं? एवढी शिकलेली तू!"

मी हातातलं सूत तिथंच ठेवलं आणि डोक्यात राख घालून घरी आले. व्रत अर्धवट टाकायचं नाही, एवढं मात्र मनात होतं. घरात सूत नव्हतं. बाथरूममध्ये फ्लॉसची डबी होती. तीच घेऊन मी दारातल्या झाडापाशी बसले आणि सात वेढे दिले. एचओएच्या नजरेला पडू नयेत म्हणून अगदी जमिनीलगत, आणि सुटू नयेत म्हणून घट्ट. सात जन्म हाच नवरा वगैरे काही मागितलं नाही. मागितलं ते एवढंच, की आम्हाला या ग्रीन कार्डच्या रांगेतून सोडव.

तीन आठवड्यांत नवऱ्याचा एक अडलेला कागद मंजूर झाला. रांग तशीच होती, पण एक पायरी चढलो होतो. झालं, मला वाटलं गुण आला. मग दर वर्षी तोच फ्लॉस, तीच जागा, तितकेच घट्ट सात वेढे. वसंतात एचओएची माणसं येऊन झाडांच्या बुंध्यांशी लाकडाच्या भुशाचे ढीग घालून जायची. जुने वेढे त्याखाली झाकले जायचे, आणि मी त्यांच्यावर नवे द्यायची.

शेजारच्या घरात एक गोरी आजी एकटी राहायची. पंचाहत्तरीची, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, आजीआजोबा आयर्लंडहून आलेले. रोज सकाळी ती पायरीवर बसायची, कापडी पिशवीत हात घालायची आणि न बघता एक काडी काढायची. बोटाएवढ्या वीस काड्या, प्रत्येक वेगळ्या झाडाची, प्रत्येकीवर कोरलेल्या रेघा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला पोपटवाला ज्योतिषीच आठवला.

तिनं मला समजावून सांगितलं. ही तिच्या पूर्वजांची अक्षरं, ओगम. उभी रेघ म्हणजे खोड, आडव्या रेघा म्हणजे फांद्या, आणि वाचायचं खालून वर, झाडावर चढल्यासारखं. प्रत्येक अक्षराला एक झाड. जी काडी हाती येईल त्या झाडाची दिवसभर आठवण ठेवायची, ते दिसलं तर त्याच्यापाशी जाऊन उभं राहायचं. काडीसाठी फांदी तोडायची नाही, पडलेलीच उचलायची. "यातलं किती जुनं आणि किती लोकांनी अलीकडे जोडलेलं, ते मलाही नक्की माहीत नाही," ती म्हणाली. "पण उभं राहिल्यानं बरं वाटतं." तिचा हा प्रामाणिकपणा मला आवडला. आमच्याकडे प्रत्येक जन्मनक्षत्राचं एक झाड असतं, हे मी सांगितलं तेव्हा ती इतकी खूश झाली की तिनं माझं नक्षत्र लिहून घेतलं.

आमचं झाड ओक आहे, हेही तिनंच सांगितलं. पानं अरुंद, म्हणून माझा विश्वास बसेना. ओकचं अक्षर म्हणजे उभ्या रेघेच्या एका बाजूला दोन रेघा. ती आमच्या झाडाला जाता-येता हात लावायची. तेव्हा भुशाखालच्या फ्लॉसबद्दल मी तिला सांगू शकले असते. सांगितलं नाही, कारण लाज वाटली.

माझे बाबा नागपूरला लाकडाच्या वखारीत आयुष्यभर मुनीम होते. झाडांबद्दल त्यांना काडीचीही भक्ती नव्हती. कुठलंही झाड बघितलं की त्यातून दारं किती निघतील, एवढंच बोलायचे. पण लाकूड ते नुसत्या वासावरून ओळखायचे, डोळे मिटून. एकदा सकाळच्या व्हिडिओ कॉलवर मी त्यांना शेजारणीच्या काड्या दाखवल्या आणि विचारलं, "ओळखा बघू."

"फोनमधून काय ओळखू?" बाबा म्हणाले. "वास पाठव."

मागच्या ऑगस्टमध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. दादाचा फोन आला. "तू येऊन जा ना एकदा. तुझंच नाव घेऊन राहिले. दुसरं काही बोलतच नाहीत."

येऊन जा! दहा मिनिटांवर विमानतळ. पण माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का केव्हाच संपलेला. इथं राहायला आमच्याकडे कागद होते, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की आत यायला नवा शिक्का लागतो. तो भारतातल्या वकिलातीत मुलाखत देऊन मिळतो, आणि मुलाखतीच्या तारखाच मिळत नव्हत्या. कंपनीच्या वकिलाची दोन ओळींची ईमेल आली, प्रवास टाळावा.

"यार, मी नको म्हणत नाहीये," नवरा म्हणाला. "पण तू तिकडे अडकलीस तर? हिचं काय?"

ही म्हणजे आमची नऊ वर्षांची मुलगी. नवरा बरोबरच बोलत होता, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. मी त्याच्याशी भांडले, मुलीवर खेकसले, ओट्यावर भांडी आपटली. दाराला कुलूप नव्हतं, कुणी धरून ठेवलं नव्हतं, तरी मला त्या घरातून हलता येत नव्हतं. रोज सकाळी दादा फोन बाबांच्या तोंडासमोर धरायचा, बाबा माझं अर्धं नाव उच्चारायचे, आणि वरून विमान गेलं की मला काहीच ऐकू यायचं नाही.

त्याच महिन्यात एचओएचं पत्र आलं. तुमच्या दारासमोरचं झाड वाळत आहे, ते काढून टाकण्यात येईल. मी बाहेर जाऊन पाहिलं. ऑगस्टातच अर्धी पानं पिवळी पडली होती. इतके दिवस मी त्या खिडकीत बसत होते, पण माझं लक्ष विमानांकडे होतं.

शेजारीण पत्र वाचून तडक खुरपं घेऊन आली. गुडघे टेकून तिनं बुंध्याशी साचलेला भुसा उपसायला सुरुवात केली. मी वर उभी होते. दोन वीत खाली गेल्यावर ती थांबली. खोडाला कंबर पडली होती. वरचा भाग फुगून वळीसारखा बाहेर आला होता, आणि त्या वळीखाली, सालीत रुतलेला, फ्लॉस. पाच वर्षं झाली तरी पांढराशुभ्र.

"हे कुणी केलं?" तिनं विचारलं.

"मी," मी म्हणाले, आणि रडायलाच लागले. मग तिला सगळं सांगितलं. वड, सात वेढे, काकू, ग्रीन कार्ड, आणि शेवटी बाबा.

ती रागावली नाही. भुशातच बसून राहिली. म्हणाली, "आमच्याकडेही बांधतात. विहिरीजवळच्या झाडाला आजारी माणसाच्या कपड्याची चिंधी बांधायची. चिंधी कुजली की आजार जातो. म्हणून कुजेल असंच कापड बांधायचं, ही त्यातली मुख्य गोष्ट. तुमच्या बायका कशानं बांधतात?"

"कच्च्या सुतानं," मी म्हणाले.

"मग त्यांनाही माहीत आहे."

फ्लॉसच्या आधी दरवर्षी कच्चं सूत हातात घेतलेली मी. ते कच्चंच का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पावसात गळून जावं म्हणून. मागायचं आणि सोडायचं. मी सोडलंच नव्हतं. जे मागितलं ते सुटू नये म्हणून एका जिवंत झाडाचा गळा आवळला होता, आणि तेही सुटका मागण्यासाठी. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

छोट्या कात्रीनं आणि चिमट्यानं आम्ही दुपारभर फ्लॉस काढत होतो. काही तुकडे सालीच्या आत गेले होते, ते राहू दिले. झाड जगेल का, मी विचारलं. ती म्हणाली, वसंतात पान फुटलं तर कळेल. वसंतापर्यंत थांबा असं पत्र तिनं एचओएला स्वतःच्या सहीनं लिहिलं, आणि बस चालवतानाच्या आवाजात तीनदा फोनही केला. ते थांबायला तयार झाले.

संध्याकाळी मी नवऱ्याला म्हणाले, "मी जाते. तारीख मिळेल तेव्हा मिळेल."  तो म्हणाला, "डबा मी करीन तिचा." मुलगी जिन्यावर बसून ऐकत होती. तिनं विचारलं, "सो व्हेन आर यू कमिंग बॅक?" मी जिन्यावर तिच्याशेजारी जाऊन बसले.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारीण काड्यांची पिशवी घेऊन आली. "बाबांना वास दे. यू नावाच्या झाडाची काडी तोंडात घालू देऊ नको, विषारी असते." आणि मग बजावून म्हणाली, "या मी देत नाहीये. परत आणून द्यायच्यात." तिनं तिची जुनी ओकची काडी काढून ठेवली होती. त्या जागी आमच्या झाडाची होती. आठवड्यापूर्वीच्या वादळात एक वाळल्यासारखी फांदी पडली होती, तिची, दोन रेघा कोरलेली.

नागपूरला बाबा गादीत एवढेसे झाले होते. मी एकेक काडी त्यांच्या नाकाशी धरली. पाइनच्या काडीला त्यांनी वखारीतलं नाव स्पष्ट घेतलं, "चीड." बाकीच्या परक्या झाडांना मान हलवली, पण प्रत्येकीचा वास पोटभर घेतला. आमच्या ओकची काडी मात्र त्यांनी डाव्या हातात धरून ठेवली. नखानं टोकरली, पुन्हा नाकाशी नेली. मी म्हणाले, "बाबा, ते झाड मेलंय बहुतेक."

बाबांनी वखारीत हमालाला झापायचे तसं माझ्याकडे पाहिलं. एकेक अक्षर ओढत म्हणाले, "ओलं आहे."

एप्रिलमध्ये झाडाला पानं फुटली, एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ. ती मी फोनवर पाहिली, कारण मी अजून नागपुरातच आहे. माझी मुलाखत मार्चमध्ये होती, ती पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. बाबा आता काठी धरून खिडकीपर्यंत येतात. आम्ही दोघं खिडकीत बसतो. इथून विमानं दिसत नाहीत. मुलगी दहा वर्षांची झाली, तिच्या वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती मी फोनवर विझताना पाहिली. बाबांपाशी आले याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही, आणि एक दिवसही असा गेला नाही की मी बाथरूमचा नळ सोडून रडले नाही.

परवा वटपौर्णिमेला मुलीचा फोन आला. ती झाडापाशी बसली होती, शेजारी ती आजी. "आई, शुड आय टाय समथिंग? सो यू कम होम?"

नको म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याच्यानं म्हणवलं नाही. "बांध," मी म्हणाले. "पण सुती दोरा घे. आणि सैल बांध."

"हाउ सैल?"

"तुझा हात आत जाईल इतका."

तिनं फोन आजीकडे दिला आणि दोरा गुंडाळला. मग दोरा आणि खोड यांच्या मधून हात घालून तिनं मला बोटं हलवून दाखवली. फोनच्या काचेवर मी माझी बोटं ठेवली, आणि शेजारून बाबांनी विचारलं, "तू निघाली का?"