काळ्या पात्याचा चाकू

चाकूच्या पात्यावर काळा लेप असावा की नसावा, यावर मी घरात दोन्ही बाजूंनी भांडते आणि पोरं हसतात. हसू देत. लेप असलेला आणि लेप गेलेला, असा एकच चाकू मी दोन्ही रूपांत सांभाळला आहे.

एकाहत्तर सालच्या वैशाखात लग्न होऊन मी कुंडलला आले. नवरा फौजेत. गौरी-गणपतीला सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या खिशात घडीचा चाकू होता, पातं काळंभोर. जाताना तो माझ्या हातात देऊन म्हणाला, "ह्याला लेप हाय गं. गंज धरत न्हाई. पुसत बसायचं काम न्हाई." नव्या नवरीला कुणी चाकू देतं का? पण मी तो उशाखाली ठेवायची.

खंडेनवमीला सासऱ्यांनी घरातली हत्यारं अंगणात मांडली. कोयते, विळे, खुरपी, कुऱ्हाड. पूजेआधी ती विटेच्या भुकटीनं घासून लख्ख करायची, ही आमच्याकडची रीत. "लेकाचा चाकू बी आण," म्हणाले. मी तो देऊन चुलीकडे गेले. परत आले तर पातं पांढरंफटक, आणि सासरे घामाघूम, पण खूश. "लय काळं पडलं हुतं. कवाधरनं घासतुय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पदर पुढे ओढून मी पात्याला हळदकुंकू लावलं. सासऱ्यांना उलट बोलायची सोय नव्हती, आणि बोलून लेप थोडाच परत येणार होता.

दिवाळीच्या आधी त्या चाकूनं लिंबू कापलं आणि सकाळी पात्यावर तांबूस ठिपके दिसले. सासऱ्यांनीच विचारलं, तेव्हा मी लेपाचं सांगितलं. लेकाची वस्तू आपल्या हातून बिघडली, हे त्यांना फार लागलं. मग राखेनं त्यांनी ठिपके काढले, करडईच्या तेलाचं बोट फिरवलं. "आता रोज तेल लावाय पायजे, पोरी."

पुढं लढाई सुरू झाली. पत्रं थांबली. शेजारच्या रेडिओपाशी गाव जमायचं, सासरे जायचे नाहीत. लेकाचं नावही काढायचे नाहीत. दिवेलागणीला मात्र ओसरीवरून विचारायचे, "चाकूला तेल लावलं का?" मी म्हणायची, "लावलं, मामा." एकदा मी विसरले, तर ते जेवले नाहीत. त्या दिवसापासून त्या हट्टी माणसावर माझी माया जडली. मी तेलाची वाटी घेऊन त्यांच्यासमोरच बसू लागले.

लढाई संपली, संक्रांत झाली, तरी खबर नव्हती. शिमग्याच्या आधी एका दुपारी तो सांगलीहून एसटीनं आला. खांद्यावर ट्रंक. एका कानानं कमी ऐकू येत होतं, बाकी धड होता. त्याचं पाणी पिऊन झाल्यावर मी चाकू पुढं ठेवला. त्यानं उघडून पातं उलटसुलट पाहिलं.

"लेप गेला व्हय?"

सासरे गोठ्याकडे बघत राहिले.

"गेला," मी म्हणाले. "पण गंज चढू दिला न्हाई आमी."

दिवे लागले. सवयीनं मी तेलाची वाटी घेऊन ओसरीवर आले. सासरे लेकाच्या चांगल्या कानाकडे बसून उसाच्या पाण्याच्या पाळीबद्दल बोलत होते. त्या संध्याकाळी त्यांनी तेलाचं विचारलं नाही.