वाटेवरून उलटी दिसनारी चक्की

हिंगनघाटच्या अलीकडं एका गावाच्या शिवारात देवकाबाई एकटी राहे. नवरा दोन वर्साआंधी गेलता, पोरगी आष्टीकडं दिलेली. घराले लागून विहीर, अन् विहिरीवर सरकारानं वैशाखात उभी केलेली पवनचक्की. वारा सुटला का चक्की फिरे, टाक्यात पानी पडे, अन् गावातल्या बाया डोक्यावर पितळी गुंड घेऊन येत. पानी भरत, चार गोष्टी सांगत, देवकाबाईच्या चुलीवरचा चहा पेत. तिच्या दारात मानसाचा आवाज म्हनून जो काही, थो तेवढाच.

दिवाळी झाली, वारा पालटला. एक दिवस वच्छलाबाईनं मान वर केली.

"अवो देवका, तुही चक्की उलटी फिरून राह्यली!"

खरंच. पावसाळाभर उजवी फिरे, आता डावी.

"मयताच्या फेऱ्या अशा उलट्या अस्तेत व माय," वच्छलाबाई बोलली, अन् गुंड तसाच रिकामा घेऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून बाया गावातल्या खाऱ्या विहिरीवर जाऊ लागल्या.

देवकाबाई मंग चक्कीशीच बोले. "काऊन व, माह्यासंग काय वैर तुह्यं?" सवयीनं चहाचं आधन पाच-सहा जनींचं ठेवे, अन् एकटीच पेत बसे.

पंधरा दिवसानं हिरालाल मिस्त्री चक्कीले तेल द्याले आला. तिनं भांडनच काढलं. "हे उलटी काऊन फिरते रे?"

हिरालाल हासला. तिले चक्कीच्या पल्याड, कपाशीच्या पऱ्हाटीत घेऊन गेला. "आता पाह्य, मावशी."

पाहते तं चक्की सुलटी!

"चक्कीच्या मांगं शेपटी हाय ना, थे चक्कीचं तोंड वाऱ्याकडं करते. पावसाळ्यात वारा तुह्या घराकडून ये, तं तोंड तुह्याकडं. आता वारा इकून, तं तुले तिची पाठ दिसते. चक्की आपली एकाच अंगानं फिरते. पाती पाह्य, समदी एकाच बाजूले तिरपी. सूप तिरपं धरलं तं वारा त्याले एकाच अंगाले लोटते ना? तसंच."

देवकाबाई तशीच गावात गेली. वच्छलाबाईच्या आंगनात उभी राह्यली, अन् दोघीच्या मधात हवेत बोट गोल फिरवू लागली.

"सांग, बोट कसं फिरते?"

"उलटं."

"मले तं सुलटं दिसते!"

"याड लागलं का व तुले?"

"लागलं नाई. तू इकडं येऊन उभी राह्य."

वच्छलाबाई तिच्या खांद्याशी आली, पाह्यलं, अन् तोंडाले पदर लावला. "अवो माय! बोट तं थेच!"

दुसऱ्या दिवशी थे आली, पन एकटीच. पऱ्हाटीत जाऊन चक्की पाह्यली, चहा पेली.

"तू खरी हायस, देवका. म्या सांगतलं बायाइले. थ्या म्हन्तेत, आमाले तं वाटेवरून उलटीच दिसते. म्या येत जाईन, बुधवारी बुधवारी."

थे गेल्यावर देवकाबाईनं बाज ओढत चक्कीच्या पल्याड नेली. तिथून चक्की सुलटी फिरे. पन तिकडं वाट नव्हती, नुसती पऱ्हाटी. घडीभर बसली. मंग बाज पुन्हा वाटेच्या अंगाले आनली, तोंड गावाकडं केलं, अन् बुधवाराले किती दिस हायेत थे बोटावर मोजू लागली.