बी निगेटिव्हची यादी

माणसाचं जगणं-मरणं कधीकधी एका ओळीवर येऊन ठेपतं. आमच्या बाबतीत ती ओळ मी लिहिली होती, आणि चुकीची लिहिली होती.

दोन हजार आठच्या सुमारास आमच्या बदलापूरच्या मंडळाने रक्तदात्यांची वेबसाइट काढली. रक्तगट निवडा, बटण दाबा, नावं आणि फोन नंबर समोर. बटण दाबल्यावर यादी उघडायची ही करामत जावास्क्रिप्ट नावाच्या कोडची, आणि ती दुसऱ्यांनी लिहिलेल्या एका तयार फाइलवर, म्हणजे लायब्ररीवर, चालायची. उद्घाटनाच्या हॉलमध्ये इंटरनेट नव्हतं, म्हणून माझाच कॉम्प्युटर रिक्षात घालून तिथे नेला. त्याला हार घातला, नारळ फुटला, अध्यक्षांनी बटण दाबलं. यादी उघडली, टाळ्या पडल्या. मग मी सगळं सर्व्हरवर चढवलं. पुढे बरेच जण भेटून साइट छान झाल्याचं सांगत. त्यातल्या कोणी ती उघडली असेल असं आज वाटत नाही.

दोन महिन्यांनी मी अंबरनाथला ऑफिसात असताना, साइटवर दिलेल्या माझ्या नंबरवर फोन आला. बदलापुरातल्याच कात्रपच्या सायबर कॅफेतून एक जण बोलत होता. त्याची बहीण उल्हासनगरच्या दवाखान्यात बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. गट बी निगेटिव्ह. रक्तपेढीत शिल्लक नव्हतं.

"दादा, बटण दाबतोय, काहीच होत नाहीये."

"पान रिफ्रेश करा."

"केलं."

"तुमचं नेट स्लो असेल. दुसऱ्या मशीनवर बसा."

"तिसरं मशीन आहे हे, दादा. कॅफेवाला पण वैतागलाय."

वीस मिनिटं मी त्याच्याकडचा दोष शोधला. मग ऑफिसात स्वतः साइट उघडली. बटण मेलेलं. खाली कोपऱ्यात एररचा पिवळा त्रिकोण. पानाचा कोड उघडून पाहिला. लायब्ररीची फाइल कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या ओळीत पत्ता माझ्या घरच्या कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हचा होता. जगात ती साइट एकाच ठिकाणी चालत होती, माझ्या टेबलावर.

नावं मात्र त्याच कोडमध्ये होती, नुसती दिसत नव्हती. बी निगेटिव्हची चार. पहिलं अध्यक्षांचं. त्यांना मीच फोन लावला.

"अहो, मला शुगर आहे. यादी भरलेली दिसावी म्हणून नाव दिलं होतं मी."

दुसरा नंबर बंद. तिसरे गृहस्थ बदली होऊन नागपूरला गेलेले. चौथा अंबरनाथच्या कारखान्यातला फिटर, तो शिफ्ट सोडून तसाच निघाला. पोचला तेव्हा रक्ताची गरज उरली नव्हती.

ओळ मी त्याच संध्याकाळी दुरुस्त केली. अर्ध्या मिनिटाचं काम. त्या वीस मिनिटांनी काय फरक पडला असता, हे डॉक्टरांना विचारायला गेलो नाही. तिच्या भावाने मला बोल लावला नाही. उलट धावपळ केल्याबद्दल आभार मानले, आणि ते मला ऐकून घ्यावे लागले.

मंडळाने सभा घेतली. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग वेबसाइटवर श्रद्धांजली टाकायचं ठरलं. ते पान मीच बनवलं, आणि ते सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर नीट दिसलं. श्रद्धांजलीला जावास्क्रिप्ट लागत नाही.